बादलीतला उदगीर जिल्हा

आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. माझ्या आत्याबाई अर्धापूरच्या केळीच्या रानातून लातूरला माझ्या दोन खोल्यांत राहायला आल्या, तेव्हा त्यांच्यासोबत एक पत्र्याची पेटी होती. ती त्यांनी दाराजवळ ठेवली. मी म्हटलं, कपाटातला एक कप्पा तुमच्यासाठी रिकामा केलाय. त्या म्हणाल्या, राहू दे. रोज सकाळी पेटी उघडायची, एक लुगडं काढायचं, कडी लावायची. संध्याकाळी वाळलेलं लुगडं घडी घालून परत पेटीत, परत कडी. एसटी स्टँडवर गाडीची वाट बघत बसलेलं माणूस असतं ना, तसं त्यांचं आमच्याकडे राहणं होतं. गाडी लागायची तेवढी बाकी होती.

मामंजींना जाऊन वर्ष झालं होतं. त्याच वर्षी विहिरीनं तळ दाखवला आणि अर्धी बाग उभ्या उभ्या वाळली. उरलेली पुतण्याकडे कसायला दिली, कारण त्याच्या बोअरला अजून पाणी होतं. आत्याबाई एकट्या त्या घरात कशा राहणार म्हणून माझा नवरा दिवाळीनंतर त्यांना घेऊन आला. त्या आल्या, पण अट घालून आल्या. दारात चप्पल काढता काढताच त्यांनी मला सांगितलं, "उन्हाळा सरंस्तवर राहते. पण मला रिकामी बसवलीस, तर दुसऱ्या दिवशी बस धरीन."

त्यांनी राहावं असं मला मनापासून वाटत होतं. आता मनापासून म्हणजे काय, ते खरं सांगते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल सून फारच गुणाची. त्या वर्षी लातूरला नळ आधी आठ दिवसांनी यायचा, मग पंधरा दिवसांनी, आणि मग यायचाच बंद झाला. पुढं तर रेल्वेनं पाणी आलं. टँकर गल्लीत कधी येईल ते कुणालाच ठाऊक नसायचं, आणि तो आला तेव्हा ज्याच्या घरी माणूस असेल त्याच्या घरी पाणी. मी सकाळी शाळेत शिकवायला जायची, नवरा औशाला नोकरीवर, पोरगी होस्टेलला. आमचे तीन ड्रम जिन्यात कुलूप लावून उभे असायचे, कुलूप तेवढं लागलेलं आणि ड्रम रिकामे. तर घरात एक माणूस हवं होतं, हे पहिलं कारण.

दुसरं कारण हळूहळू कळलं. मी बोलते. खूप बोलते. शाळेच्या गॅदरिंगमधली राजाची, राणीची आणि गरज पडली तर हत्तीची भूमिकासुद्धा मी करून दाखवलेली आहे. पण नवऱ्याला गोष्ट सांगायला लागलं की तो दुसऱ्या वाक्याला विचारतो, शेवटी काय झालं. आत्याबाई तशा नव्हत्या. लसूण सोलत त्या पूर्ण ऐकायच्या, आणि सगळं संपल्यावर एकच वाक्य बोलायच्या, जे माझ्या सगळ्या गोष्टीपेक्षा भारी असायचं. माझी आई मी कॉलेजात असतानाच गेली. इतक्या वर्षांनी मला कुणीतरी पूर्ण ऐकत होतं. त्या माणसाची पेटी दाराशी बांधलेली असावी, हे मला झेपत नव्हतं.

काम द्यायचं म्हटलं तर दोन खोल्यांत काम किती असणार? भाकरी करून, भांडी घासून दहा वाजता त्या मोकळ्या. मग मी एक गोष्ट पाहिली. भाजी निवडून झाली की सालं, देठं कागदात गोळा करून त्या उभ्याच राहायच्या. खिडकीतून खाली बघायच्या, परत कागदाकडे बघायच्या. घंटागाडीत टाकून आल्या की काहीतरी हरवल्यासारखं तोंड. मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, रानात सालीला सुद्धा खाणारं तोंड असतं, शेळी असते, कोंबडी असते, न्हाईच कुणी तर उकिरडा खातो. "तुझ्या घरात खाणारंच कोणी न्हाई."

शेळी दुसऱ्या मजल्यावर नेता येत नाही. मी विचार केलेला आहे, म्हणून सांगते. घरमालक तळमजल्यावर राहायचे.

त्याच महिन्यात नांदेडला एका लग्नाला गेले होते, तिथून अर्धापूरला पुतण्याकडे चहाला गेले. केळीच्या पानांच्या सावलीत त्यानं गांडूळखताचा लांबलचक वाफा केला होता. त्यानं ओलं पोतं उचललं, आणि खाली लाल लाल गांडुळांची अशी गर्दी, एखाद्या मंगल कार्यालयात जेवणाची पंगत बसली की असते तशी. केळीचं साल टाकलं होतं, त्याची फक्त जाळी उरली होती. मी तिथंच ठरवलं. शेळी नाही तर शेळी नाही, खाणारी हजार तोंडं घरी न्यायची.

पुतण्यानं स्टीलच्या डब्यात शेण, पाला आणि गांडुळं भरून दिली, वर फडकं बांधलं. नांदेड ते लातूर तो डबा मी मांडीवर घेऊन बसले. लोह्याच्या पुढं कंडक्टरनं विचारलं, बाई, डब्यात काय हाय एवढं जपून. मी म्हटलं, पाहुणे आहेत, अर्धापूरचे. किती हायत? मी म्हटलं, मोजले नाहीत, पण हजारभर तरी असतील. त्यानं फडक्याचं टोक उचलून पाहिलं, सोडून दिलं आणि गंभीरपणे म्हणाला की हे सगळे पाच वर्षांच्या आतले दिसून राहिलेत, तिकीट नाही लागत.

घरी आत्याबाईंनी डब्यात बघितलं आणि फडकं परत नीट बांधलं. मग म्हणाल्या, "रानात हे आपल्या पायानं येतात. ह्यांला बसनं कशाला आणलीस?"

"पाय नाहीत त्यांना, आत्याबाई."

"तुला हायत ना? मंग तू जायाचं होतं रानात."

भाजीवाल्याकडचा एक जुना क्रेट आणला, आत पोतं अंथरलं, वर पोतं घातलं आणि बाल्कनीच्या सावलीच्या कोपऱ्यात गांडुळांची वसाहत सुरू झाली. पहिला आठवडा माझा होता आणि तो आठवडा आठवला की आजही मला त्या गांडुळांची माफी मागावीशी वाटते. घरातलं उरलंसुरलं सगळं मी त्यांना वाढलं. लिंबाच्या फोडी वाढल्या. शिळा ठेचा वाढला. लोणच्याच्या बरणीच्या तळाचा खार वाढला, म्हटलं, तोंडाला चव येईल. तिसऱ्या दिवशी पाहुणे पोत्यातून बाहेर निघून बाल्कनीच्या फरशीवरून संडासाच्या दिशेनं चालले होते. आत्याबाईंनी एकेक बोटानं उचलून परत नेऊन ठेवलं. खारातला पाला काढून टाकला, नवा घातला. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तू बोल. हे मी करते."

तेव्हापासून क्रेट त्यांचा झाला.

मग माझ्या लक्षात यायला लागलं, की ही बाई चाळीस वर्षं केळी का पिकवू शकली. सालं त्या विळीवर बारीक चिरायच्या, कारण दात नसलेल्याला मोठा घास देऊ नये. कांद्याचं साल वेगळं, लिंबू तर क्रेटच्या आसपाससुद्धा नाही. वाटीभर शेण आठवड्याला खालच्या गवळ्याकडून. आणि पाणी. त्या वर्षी आमच्या घरात पाणी एकदा वापरून फेकायचं नव्हतं. परातीत बसून आंघोळ करायची, ते पाणी फरशीला, फरशीचं संडासाला. साबणाचं पाणी गांडुळांना चालत नाही, म्हणून तांदूळ धुतलेलं, डाळ धुतलेलं पाणी त्यांचं. दोन वाट्या. पण उन्हं तापली तशा दोन वाट्या कमी पडायला लागल्या. तेव्हा आत्याबाईंनी पुतण्याला निरोप धाडला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातून केळीच्या खांबाचे ओंडके मागवले. केळीचा खांब म्हणजे पाण्याचीच टाकी असते. त्याच्या चकत्या करून त्यांनी पोत्याखाली लावल्या. बाहेर चाळीस-बेचाळीसचं ऊन, तोंडाला रुमाल बांधल्याशिवाय बाहेर पडता येत नव्हतं, आणि क्रेटमध्ये हात घातला की गार. शेजारपाजारचे लोक येऊन हात घालून बघायचे. लातुरात तेव्हा गार, ओली जागा बघायला मिळणं ही मोठीच गोष्ट होती.

पेटी मात्र दाराशीच होती. लुगडं काढायचं, कडी लावायची.

आता समोरच्या वहिनी. जिन्याच्या पलीकडच्या दारात उदगीरचं कुटुंब राहायचं. वहिनींचे मिस्टर अडतीच्या दुकानात कामाला होते. वहिनींना बाकी कशाचं काही नव्हतं, पण एक दुःख फार मोठं होतं, ते म्हणजे उदगीर अजून जिल्हा झालेला नाही. दर सव्वीस जानेवारीच्या आणि पंधरा ऑगस्टच्या आधी मोबाइलवर मेसेज फिरायचा, की यंदा उदगीर जिल्हा जाहीर होणार. वहिनी साखर आणून ठेवायच्या. मी लातूरची. लातूर जिल्हा झाला तेव्हा मी दुसरीत होते, आणि गुरुजींनी आम्हाला अंगणात रांगेत उभं करून सांगितलं होतं, की पोरांनो, आजपासून तुम्ही जिल्ह्याच्या ठिकाणी राहता. मी त्या दिवशी घरी छाती काढून चालत गेले आणि खरं सांगायचं तर ती छाती अजून आत गेलेली नाही. त्यामुळं झेंडावंदन झालं की मी वहिनींच्या दारात जायची आणि विचारायची, झाला का? वहिनी म्हणायच्या, "तुमच्यावाणी बसल्या बसल्या न्हाई भेटत आम्हाला. होईल. तवा या, मानानं बसवू तुम्हाला."

फाल्गुन संपता संपता क्रेटमध्ये गर्दी फार झाली. मोहरीपेक्षा थोडी मोठी पिवळी अंडी जागोजागी, दोऱ्यासारखी पांढरी पिल्लं. पुतण्या फोनवर म्हणाला, आता अर्धी काढून दुसरीकडे करा, न्हाईतर तीच एकमेकांला जड होतील. म्हणजे विभाजन. हा शब्द माझ्या डोक्यात पडला आणि मला राहवेना.

रंगाची एक मोठी रिकामी बादली होती. तिला खिळ्यानं भोकं पाडली, आत पाला, शेण, आणि आत्याबाईंनी स्वतःच्या हातानं अर्धी प्रजा तिच्यात घातली. पोरीची शाळेतली लाल रिबीन कपाटात होती, ती मी बादलीला बांधली. ताटात कात्री ठेवली. आत्याबाईंना प्रमुख पाहुण्या केलं आणि सगळी वरात समोरच्या दारात. वहिनींनी दार उघडलं. मी घसा साफ केला आणि भाषण ठोकलं, की बंधू-भगिनींनो, जनतेची फार दिवसांची मागणी होती, लातूर फार मोठं झालं होतं, तरी प्रशासनाच्या सोयीसाठी आजपासून हा उदगीर जिल्हा. आत्याबाईंनी रिबीन कापली.

वहिनींनी बादलीत डोकावून बघितलं, आणि मला वाटलं आता दार तोंडावर लागणार. त्यांनी बादली उचलून तोलली. मग शांतपणे म्हणाल्या, "मुख्यालय कुठं ठेवू? बाल्कनीत का न्हाणीत?"

आणि माझ्यामागून एक आवाज आला, जो मी त्या घरात आजवर ऐकला नव्हता. आत्याबाई हसत होत्या. पदर तोंडावर, एक हात भिंतीवर, डोळ्यांतून पाणी. मामंजी गेल्यानंतर पहिल्यांदा. तेव्हापासून रोज दुपारी त्या समोर जायला लागल्या, उदगीरचा दौरा म्हणून. बादलीत काय घालायचं, किती घालायचं, हे सांगून यायच्या, आणि वहिनी त्यांना विचारल्याशिवाय मिरचीचं देठसुद्धा टाकत नव्हत्या. मला वाटलं, आता पेटी कपाटात जाईल. नाही गेली.

आणि मग मी ती चूक केली.

एप्रिलमध्ये पाणी इतकं गढूळ यायला लागलं, की लोक ड्रममध्ये तुरटी फिरवायचे, वर ब्लीचिंग पावडर टाकायचे, एक रात्र ठेवायचे आणि वरचं निवळ वापरायचे. तळाला गाळ उरायचा, पांढरट, चिखलासारखा. त्या दिवसांत आमचा हात असा झाला होता, की ओलं म्हणून काही फेकवतच नव्हतं. एका मंगळवारी शाळेला सुट्टी होती. आत्याबाई घागरी घेऊन खाली टँकरपाशी होत्या. मी ड्रम रिकामे करत होते. तळाशी बादलीभर गाळ. मी विचार केला, फरशीला हा चालायचा नाही, संडासात टाकला तर तुंबेल, पण ओला तर आहे. गांडुळांना एवढीशी वाटी मिळते बिचाऱ्यांना, आज सणच करू. पोतं उचललं आणि अख्खी बादली क्रेटमध्ये ओतली. वर पोतं नीट घातलं. मनात स्वतःची पाठ थोपटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाईंनी पोतं उचललं. मी आत कणीक मळत होते. बराच वेळ काहीच आवाज नाही, म्हणून बाहेर आले. त्या क्रेटपाशी उकिडव्या बसल्या होत्या. हातात ओली माती, तिच्यात फिकी पडलेली, सुटलेली गांडुळं. क्रेटमधून पावडरीचा वास येत होता. मला तो लगेच कळला. त्यांना बरीच वर्षं तपकिरीची सवय, नाकाला वास येतच नाही.

त्या म्हणाल्या, काल मी जरा जास्तच शेण घातलं का काय. मी काही बोलले नाही. मग म्हणाल्या, खांबाच्या चकत्या सडल्या असतील. मी काही बोलले नाही. मी, जी भाजीवाल्याशीसुद्धा तीन अंकी बोलते, ती तोंडात बोळा घातल्यासारखी उभी होते. त्यांनी हात धुतले नाहीत, कारण हात धुवायला पाणी लागतं. पदराला पुसले. आणि हळू म्हणाल्या, आधी विहीर गेली, मग तुझे मामंजी गेले, आता हे. माझ्या हाताला यश न्हाई.

त्या दिवशी मी शाळेत काय शिकवलं, मला ठाऊक नाही.

आमच्या घरी फळीवर बुद्धाची मूर्ती आहे आणि आत्याबाई रोज सकाळी तिच्यापुढं त्रिशरण, पंचशील म्हणतात. आवाज खणखणीत, समोरच्या घरातसुद्धा ऐकू जातो. गुरुवारी सकाळी मी पोळ्या लाटत होते. त्रिशरण झालं. मग पहिलं शील आलं, जीवाची हत्या न करण्याचं, आणि आवाज थांबला. मी लाटणं तसंच धरून उभी. तव्यावरची पोळी करपली, वास आला, तरी हलले नाही. मग त्यांनी पुन्हा सुरुवात केली, ती दुसऱ्या शीलापासून.

पहिलं त्यांनी म्हटलंच नाही.

त्यानंतर त्या दाराशी गेल्या, पेटी उघडली आणि दोरीवरची दोन लुगडी, टॉवेल, तपकिरीची डबी, सगळं तिच्यात ठेवायला लागल्या. मला म्हणाल्या, अकराची नांदेड गाडी भेटंल. रागावल्या नव्हत्या. तेच वाईट होतं.

मी गॅस बंद केला आणि त्यांच्यासमोर फरशीवर बसले.

"आत्याबाई, मी मारली ती. तुम्ही नाही."

"काय बोलून राहिलीस?"

"मंगळवारी ड्रमचा गाळ ओतला मी क्रेटमध्ये. तुरटीचा, पावडरीचा. तुम्ही टँकरपाशी होता."

त्यांनी टॉवेल मांडीवर ठेवला. "अन् अख्खा दिस मला जळू दिलीस."

"हाव."

मी एरवी हाव म्हणत नाही, मी लातूरची शिकवणारी बाई आहे. पण तेव्हा तेच निघालं.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी मार खायच्या तयारीत होते, म्हणजे शब्दांचा. मग त्यांचा चेहरा कसा बदलला ते मला नीट सांगता येणार नाही, आणि मला सगळं सांगता येतं. कपाळावरची घडी सुटली, बस. त्या म्हणाल्या, "मंग हात तुझा वाईट हाय. माझा न्हाई."

"तुमचा नाही."

"पुन्हा म्हण."

"तुमचा हात चांगला आहे, आत्याबाई. चांगलाच होता. विहिरीच्या वेळी पण."

त्यांनी मान हलवली, नाक ओढलं. फळीकडे तोंड करून पहिलं शील म्हणून घेतलं, बसल्या बसल्याच, उधारी चुकती करावी तसं. पण पेटी काही त्यांनी रिकामी केली नाही. म्हणाल्या, झालं ते झालं, पण आता इथं काय करू मी? क्रेट तर रिकामा हाय. अकराची गाडी काही चुकायची न्हाई.

भिंतीवर घड्याळ होतं. सव्वानऊ. शाळेला उशीर झालाच होता, तो आणखी होऊ दिला. आत्याबाईंचा हात धरला आणि समोरचं दार वाजवलं.

वहिनींना सगळं सांगितलं. गाळ, पावडर, दिवसभराची माझी गप्प बसण्याची लाज, अकराची गाडी. एकही वाक्य रंगवलं नाही. माझ्या आयुष्यातलं बहुतेक सगळ्यात छोटं भाषण. म्हटलं, बादलीतली मूठभर द्या. वहिनींनी दाराला टेकून, हाताची घडी घालून ऐकलं.

"देते की," त्या म्हणाल्या. "पण आधी म्हणा."

"काय म्हणू?"

"उदगीर जिल्हा हाय म्हणा. लातूरच्या तोंडानं. जिन्यातल्या समद्या घरांला ऐकू गेलं पाहिजे."

मागून आत्याबाई म्हणाल्या, "म्हण गं. गाळ ओतताना लाजली न्हाईस."

तर मी जिन्याच्या मधल्या पायरीवर उभी राहिले. साडीला कणीक, हाताला कणीक. आणि सव्वीस जानेवारीला पालकमंत्री बोलतात त्या आवाजात जाहीर केलं, की लातूरच्या समस्त जनतेच्या वतीनं मी मान्य करते, उदगीर हा जिल्हा आहे, होता आणि राहील, आणि आज आमचा जिल्हा संपलाय म्हणून आम्ही त्यांच्या दारात आलोय. वरच्या मजल्यावरचे दार उघडून बघायला लागले. घरमालक खालून म्हणाले, बाई, बरं वाटत नाही का. वहिनींनी ऐकून घेतलं, मान डोलावली, म्हणाल्या, आता कसं. आणि दाराआडून एक पातेलं काढून आत्याबाईंच्या हातात दिलं.

पातेलं भरलेलं होतं. खाली पाला, वर ओलं फडकं, मध्ये सळसळणारी लाल गांडुळं, मूठभर नव्हे, चांगली अर्धी बादली. मला कळायला थोडा वेळ लागला. एवढं माझ्या भाषणात काढून होणार नव्हतं. बुधवारीच आत्याबाई दौऱ्यावर आल्या नव्हत्या, तेव्हाच वहिनींना काहीतरी कळलं होतं. आज गाळलेलं पहिलं शीलही समोर ऐकू गेलं असणार, कारण पातेलं सकाळपासून भरून दाराआड ठेवलेलं होतं. मला तेवढं जिन्यावर उभं करून घेतलं.

आत्याबाईंनी पातेलं छातीशी धरलं, आणि अकराच्या गाडीचा विषय पुन्हा निघाला नाही. क्रेट खरवडून, उन्हात तापवून, नवा पाला घालून त्यांनी संध्याकाळपर्यंत उदगीरची प्रजा लातुरात वसवली. क्रेटला हात लावायची मला बंदी झाली, ती आजतागायत आहे. मला बघायची परवानगी आहे.

पाऊस पुढं आला, ड्रमची कुलपं निघाली. पण त्याआधीच, जूनही लागला नव्हता, मी शाळेतून आले तर कपाटातल्या त्या कप्प्यात आत्याबाईंची लुगडी रचून ठेवलेली. मी काही बोलले नाही. गप्प बसायचं थोडं शिकले होते. त्याच म्हणाल्या, वाळला पाला ठेवायला घरात जागाच न्हाई, पिशवीत ठेवला की उंदीर घर करतात, म्हणून पेटी रिकामी केली. दाराशीच आहे ती अजून. कडी काढली की आतून कडुलिंबाच्या, केळीच्या वाळल्या पानांचा वास येतो.

आता वर्षातून दोनदा त्या अर्धापूरला चार दिवस जातात, बाग बघायला. पिशवी घेऊन जातात, कारण पेटीत पाला असतो. क्रेट कसा आहे हे विचारायला तिथून रोज फोन करतात. तो फोन मला येत नाही. समोर उदगीरला येतो.